श्यामकांत इंग्रजी पिक्चर सांगतो

श्यामकांत म्हापणकराला इंग्रजी येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या चाळीत ही गोष्ट मोठ्याने बोलायची सोय नव्हती. भांडुपला टेंभीपाड्याच्या चढावर आमची चाळ. सगळी बिऱ्हाडं मालवण-वेंगुर्ल्याकडची, पुरुष एके काळी गिरणीत, संपानंतर मिळेल तिथे. कोणी वॉचमन, कोणी रंगारी, कोणी नुसताच घरी. या सगळ्यांत इंग्रजीचा मक्ता एकट्या श्यामकांतकडे.

तो बेलार्ड पिअरला एका जहाज कंपनीच्या कचेरीत शिपाई होता. सांगताना 'ऑफिस असिस्टंट' सांगायचा. बायको आणि मुली गावी. हा इथे खोलीत एकटा, पण पँटची इस्त्री अशी की कोणाला वाटावं साहेब जेवायला बोलावणार आहे. साहेबाचा वाचून झालेला इंग्रजी पेपर संध्याकाळी काखेत मारून आणायचा, दाराशी खुर्ची टाकायचा आणि शेअर बाजाराच्या आकड्यांचं पान उघडून त्याच्यावर बराच वेळ डोळे लावून बसायचा. मग पेपर मिटून आल्यागेल्याला सांगायचा, कठीण आहे. काय कठीण आहे, हे त्याला कोणी विचारत नसे आणि तोही सांगत नसे. आमची माणसं घरी जाऊन सांगत, शामू म्हणतो पुढचा काळ कठीण आहे.

व्हिडिओचं खूळ आलं आणि या माणसाचं नशीब उघडलं. दर वर्षी मे महिन्यात चाळीचा सत्यनारायण असायचा. सकाळी पूजा, दुपारी प्रसादाचं जेवण आणि जेवण आटोपलं की मंडळाच्या खोलीत भाड्याचा रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर. खिडक्यांना चादरी लावायच्या, पोरं पुढे, बायका मध्ये, पुरुष मागे भिंतीला टेकून. एक हिंदी पिक्चर आणि एक इंग्रजी. हिंदी आवडीसाठी आणि इंग्रजी इभ्रतीसाठी, कारण खालच्या गुजरात्यांच्या बिल्डिंगमध्ये इंग्रजी लावतात हे आमच्या लोकांना कळलं होतं. पण कळायचं कसं? तर श्यामकांत टीव्हीच्या बाजूला स्टुलावर बसायचा, हातात फूटपट्टी घ्यायचा, आणि पडद्यावर चाललेलं मराठीत सांगायचा.

काय सांगायचा ते ऐकून घ्या. एका पिक्चरमध्ये कोर्टात एका माणसाला फाशीची शिक्षा झाली. श्यामकांतने सांगितलं, हा डॉक्टर त्याला म्हणतोय की हवापालट करून ये. माणसाची बायको धाय मोकलून रडली, तर म्हणे तिला प्रवास सोसत नाही. एका युद्धाच्या पिक्चरमध्ये त्याने दोन्ही बाजूंना एकाच गावची माणसं करून टाकलं आणि सगळं भांडण पाण्याच्या पाटावरून लावलं. बायका हळहळल्या. माझी आई घरी येऊन म्हणाली, गोऱ्यांच्यातही पाण्याचे हाल आहेत गं.

लोक ऐकून का घेत, याचं मला तेव्हा फार आश्चर्य वाटायचं. आता वाटत नाही. आम्ही दशावतारावर वाढलेली माणसं. तिथे कोणी लिहून दिलेलं बोलत नाही. राजाच्या सोंगातला माणूस रंगात आला की त्याच्या तोंडी येईल ते खरं, आणि पहाटेपर्यंत लोक माना डोलावतात. श्यामकांत स्टुलावर बसायचा आणि लोकांना तोच राजा दिसायचा. त्यालाही स्वतःमध्ये तोच राजा दिसायचा, हे जास्त वाईट.

मी, रत्नप्रभा, त्याची भिंतीला भिंत लागलेली शेजारीण. पंच्याऐंशी साली मी मुलुंडच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते. चाळीतली पहिली पोरगी कॉलेजात गेलेली, तेव्हा माझंही नाक काही लहान नव्हतं. दोनदा मी भर खोलीत त्याची चूक काढली होती. दोन्ही वेळा मलाच गप्प केलं. सीताराम परब, आमचे म्हातारे, चाळीचे गावकार म्हणा, त्यांनी मला सांगितलं की पुस्तकातलं इंग्रजी वेगळं आणि बोलायचं वेगळं. हे वाक्य त्यांना कोणी शिकवलं ते सांगायला नको. तेव्हापासून या माणसाला एकदा सगळ्यांसमक्ष उघडं पाडायचं, हे मी मनात धरून होते.

त्या वर्षी देवाने माझ्यासाठी माणूसच पाठवला. नगरकडचे अंबादास गाडेकर मास्तर चार खोल्या सोडून राहायला आले. शाळेत इंग्रजी शिकवायचे. सरळ, स्वच्छ, थोडे कोरडे. चुकीचं ऐकलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची आणि चूक दुरुस्त केल्याशिवाय ती जायची नाही. मी खूश होते. यंदा श्यामकांतची वाट लागणार, हे मी कॉलेजातल्या मैत्रिणींनासुद्धा सांगून ठेवलं.

आता शकूबद्दल सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. शकू राणे स्टेशनजवळच्या बाजारात सुकी मासळी विकायची. नवरा नाना मुलुंडला एका बिल्डिंगवर वॉचमन. शकूच्या तोंडाला सगळे टरकून. गिऱ्हाइकाने बोंबील उलटापालटा करून नाक मुरडलं तर ती त्याच्या सात पिढ्यांच्या नाकांचा उद्धार करायची. श्यामकांतला तर ती माणसांत धरत नव्हती. तो पेपर घेऊन बसलेला दिसला की म्हणायची, ह्या कागदात माझे बांगडे बरे रवतीत. त्याचे पिक्चर बघायला यायची ती फक्त पोरासाठी, आणि त्याला कधी एक अक्षर विचारायची नाही.

पोराचं नाव रतन. सात वर्षांचा. शकूची स्वतःची दोन मुलं जन्मतःच गेलेली. रतन हा नानाच्या लांबच्या बहिणीचा, कणकवलीकडचा. आई बाळंतपणात गेली, बापाला पोर नको होतं. नाना आणि शकू गावी गेले आणि फडक्यात गुंडाळून त्याला घेऊन आले. त्या दिवशी सीतारामांनी सगळ्या चाळीला देवाच्या देवळीपुढे उभं करून गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे महत्त्वाचं काही असलं की असं देवाला मोठ्याने सांगतात, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला होकार भरतात. सीताराम म्हणाले, "बा देवा म्हाराजा, हो झील आजपासून शकूच्या पोटचो. जो कोण येगळा बोलात, तेका तू बघून घे." आणि आम्ही सगळे, मी तेव्हा शाळेत होते, "होय म्हाराजा" म्हणालो.

ते आम्ही पाळलं. भांडणात लोकांनी एकमेकांचे बाप काढले, नळावर कळशा फेकल्या, पण रतनचं कोणी काढलं नाही. इतकं पाळलं की विसरूनच गेलो. पण शकू विसरली नव्हती. एकदा माझ्या आईजवळ ती म्हणाली होती की पोर मोठं झालं की मी स्वतः सांगेन, पण आता नको. आता कळलं तर तो माझ्याकडे पाहुण्यासारखा बघेल. एवढ्या तोंडाळ बाईचा आवाज तेव्हा किती बारीक झाला होता, हे आईने मला नंतर सांगितलं. नवीन आलेल्या गाडेकर मास्तरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असणार कसं? सांगायचंच नाही, हाच तर नियम होता.

तर त्या वर्षी कॅसेट आणायला अर्थातच श्यामकांत गेला. पोरं सुट्टीत कंटाळली आहेत, यंदा मुलांचा पिक्चर आणू, असं त्याने आधीच जाहीर केलं होतं. व्हिडिओवाल्याच्या दुकानात त्याने डब्यावर चित्र पाहिलं. मखमली कोट घातलेलं, भांग पाडलेलं एक गोरं गोंडस पोर, मागे समुद्र. झालं, मुलांचा पिक्चर. घेऊन आला.

पूजेच्या सकाळी मी नळावर होते. तो शेजारी येऊन उभा राहिला आणि आवाज खाली आणून म्हणाला की पिक्चर भुताचा आहे. व्हिडिओवाल्याने कॅसेट देताना त्याला हिंदीत सगळी गोष्ट सांगितली होती. मोठ्या घरातल्या बाईचं मूल जन्मतःच मरतं, दाई गुपचूप दुसरं आणून ठेवते, आणि ते असतं सैतानाचं. आईला पत्ता नसतो. पुढे ते एकेकाला खातं. मला म्हणाला, "मला डब्यावरूनच अंदाज आला होता."

मी म्हटलं, मग बदलून आणा, पुढे पोरं बसणार आहेत. तर म्हणे आता बदलला तर लोक म्हणतील श्यामकांतला वाचता येत नाही. लोक काय म्हणतील याची याला काळजी, आणि पोरं घाबरून अंथरुणं ओली करतील त्याचं काही नाही. माझ्या ओठांवर आलं होतं की खरंच वाचता येत नाही. बोलले नाही. दुपारी मास्तर येणार होते. आणि खरं सांगायचं तर रतनचा विचार माझ्याही मनाला शिवला नाही.

दुपारी खोली भरली. प्रसादाच्या शिऱ्याचा वास, उकाडा, चादरींतून येणारा पिवळा उजेड. रतन सगळ्यात पुढे मांडी घालून, त्याच्या मागे शकू. नाना ड्युटीवर. मास्तर दाराजवळ खुर्चीत, त्यांच्यासाठी मुद्दाम खुर्ची आणली होती. मी त्यांच्या बाजूला उभी. श्यामकांत इस्त्रीच्या शर्टात स्टुलावर बसला, फूटपट्टी मांडीवर ठेवली आणि पिक्चर सुरू झाला.

समुद्रकाठी मोठं दगडी घर, वादळ, आत पलंगावर बेशुद्ध बाई. कोपऱ्यात दाई. दाईच्या हातात न हलणारं बाळ. तिने ते खाली ठेवलं आणि त्याच्यावर तोंडापर्यंत पांढरं कापड ओढलं. मग शालीखालून दुसरं बाळ काढलं आणि बाईच्या कुशीत सरकवलं.

श्यामकांत फूटपट्टी उचलून म्हणाला, "ही दाई. आता ही काय करते, बघा..." आणि थांबला. त्याची नजर पुढे बसलेल्या रतनवर गेली होती. तिथून मागे शकूवर. मी त्याचा चेहरा पाहिला. शकूचाही पाहिला. तिची दोन्ही मुलं अशीच कापडाखाली गेली होती. ती पडद्याकडे बघत नव्हती. ती स्टुलाकडे बघत होती, आणि तिने रतनच्या सदऱ्याची मागची बाजू मुठीत धरली होती. तेव्हा कुठे मला रतनचं आठवलं.

"जुळी झाली," श्यामकांत म्हणाला.

रतनने विचारलं की मग त्याला तोंडावर कापड का घातलंय. श्यामकांत म्हणाला, तिकडे थंडी फार, असंच पांघरतात. एक झोपलंय, एक जागं आहे. जागं आहे ते आईकडे दिलं. झोपलेलं नंतर आजोळी वाढलं, ते या पिक्चरमध्ये नाही.

त्याच्या आजवरच्या सगळ्या थापा न कळता मारलेल्या होत्या. ही कळून होती. सकाळी नळावर त्यानेच मला खरी गोष्ट सांगितली होती. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला इंग्रजी पिक्चरची गोष्ट बरोबर ठाऊक होती, आणि ती सांगायची सोय उरली नव्हती.

दाराजवळच्या खुर्चीत मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. "अहो, जुळी कसली?" ते म्हणाले. "आईचं मूल मेलं. दाईने दुसऱ्याचंच आणून ठेवलं. आईला पत्ता नाही. पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे."

बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. पण रतन वळला. त्याने आधी मास्तरांकडे पाहिलं आणि मग आईकडे.

"आये, म्हणजे ती त्याची खरी आई नाय?"

बाजारात सात पिढ्यांचा उद्धार करणारी ती बाई, नुसती त्याचा सदरा धरून बसली होती. सगळी चाळ बसली होती, आणि मास्तरांना गप्प करायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण त्या पोरासमोर सांगता येत नव्हतं.

श्यामकांत हसला. ते त्याचं नेहमीचं हसू होतं, जे बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मास्तर, तुम्ही ग्रामर शिकवता, म्हणाला, हे बोलायचं इंग्लिश आहे, याला कान वेगळा लागतो. मागून दोघं-तिघं लगेच म्हणाले, शामूचं बरोबर आहे, जुळीच आहेत. माझी आईसुद्धा म्हणाली, दिसतायतच ना जुळी. सीताराम भिंतीजवळून म्हणाले, "मास्तरानू, तुम्ही गप रवा. शामू सांगता ता ऐका."

मास्तर लाल झाले. माणूस शिकवून पोट भरणारा, आणि एका शिपायाने चाळीसमोर त्याची अक्कल काढलेली. ते उभे राहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही इंग्रजी घेऊन बी.ए. करताय. तुम्ही सांगा. कोणाचं बरोबर?"

हा क्षण मी दोन वर्षं मागत होते. असा मिळाला. सगळी खोली माझ्याकडे बघत होती, श्यामकांतही. त्याच्या चेहऱ्यावर हसू तसंच चिकटवलेलं होतं. रतन माझ्याकडे तोंड वर करून बघत होता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"श्यामकांतकाकांचं बरोबर आहे," मी म्हटलं. "जुळीच आहेत."

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की अजून आठवलं तरी शरम वाटते. माझ्या डिग्रीची, कॉलेजची आणि बहुतेक पूर्ण विद्यापीठाचीच त्यांनी त्या एका नजरेत किंमत केली. ते चपला घालून जायला निघाले, पण सीताराम उठून त्यांच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला आणि कानात काहीतरी बोलले. थोडंच बोलले. मास्तर दारातून मागे फिरले. मग परत खुर्चीत बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी चूक झाली. जुळीच आहेत." हे म्हणायला त्यांना किती जड गेलं असेल, ते मला ठाऊक आहे, कारण मलाही तितकंच गेलं होतं.

या एका वाक्यावर श्यामकांत पुढे कित्येक वर्षं जगला. बी.ए.वालीने मान्य केलं, मास्तरने माफी मागितली, हे त्याने नळावर सांगितलं, ऑफिसात सांगितलं, गावी जत्रेत सांगितलं. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांनाही सांगितलं. त्या दुपारी त्याने मनाने काही चांगलं केलं, असं एकदाही तोंडातून काढलं नाही. त्याला जे मिरवायचं होतं ते इंग्रजीच. मी एकदा एकटं गाठून म्हटलं, काका, तुम्हाला खरी गोष्ट माहीत होती. तर मला म्हणतो, तुझं ऐकायचं इंग्लिश अजून कच्चं आहे. या माणसाबद्दल चांगलं बोलायचं म्हणजे दातओठ खाऊनच बोलावं लागतं.

पिक्चर पुढे चालू झाला आणि श्यामकांतची खरी परीक्षा पुढेच होती. ते मखमली कोटातलं पोर जिथे जाईल तिथे घड्याळं बंद पडायची, घोडे बिथरायचे, आरसे तडकायचे. माळी विहिरीत पडून मेला. श्यामकांत म्हणाला, पोहायला गेला, पोहणं येत नव्हतं. आरसा तडकला, म्हणे विलायती काच, उन्हाने जाते. एक म्हातारा पाद्री येऊन बापाला घाबऱ्या घाबऱ्या काहीतरी सांगू लागला. श्यामकांत म्हणाला, शाळेत नाव घालायचं सांगतोय, पोर आता मोठं झालं. आणि ते पोर पापणी न हलवता सरळ आमच्याकडे बघायचं तेव्हा तो सांगायचा, बघा कसा हुशार दिसतो, आईवर गेलाय.

इतका रद्दी पिक्चर कोणी कधी पाहिला नसेल. सगळ्या चाळीला दिसत होतं की पोरात सैतान आहे, आणि सगळी चाळ माना डोलावून म्हणत होती, हो, आईवर गेलाय. मागे एक बाई भीतीने पदर तोंडात कोंबून बसली होती, तरी पदरातून हुंकार देत होती. मास्तर तर, "नाव कोणत्या शाळेत घातलं?" असंही विचारून गेले. श्यामकांतने त्यांना शाळासुद्धा सांगितली, दीपगृहाजवळची.

ते दीपगृहच शेवटी नडलं. शेवटी बाप त्या पोराला घेऊन समुद्रातल्या दीपगृहाच्या जिन्याने वर वर जाऊ लागला. श्यामकांत म्हणाला, जहाजं दाखवायला नेतोय. जहाजांचं आलं तसा तो जरा सुखावला, आमच्या कंपनीचीही अशीच जहाजं, असं म्हणाला. पण वर पोचल्यावर बापाने पोराची मानगूट धरली. त्याचा चेहरा पिळवटला होता. त्याने त्याला कठड्यावर उचलून धरलं, खाली खडक, लाटा. पोर पहिल्यांदाच लहान पोरासारखं दिसायला लागलं आणि पप्पा, पप्पा म्हणून रडू लागलं. ते सगळ्यांना कळलं, त्याला सांगणारा लागला नाही.

"काका," रतन म्हणाला, "त्याचे बाबा त्याला टाकून देतायत?"

याच्यावर थाप नव्हती. आम्हाला कोणालाच सुचली नसती. फूटपट्टी खाली पडली. श्यामकांत स्टुलावरून उठला आणि टीव्हीच्या समोर येऊन, पाठ पडद्याला लावून उभा राहिला. काही दिसेना. त्याच्या काखेतून आणि दोन्ही कुशींवरून नुसता निळा उजेड येत होता. वर्षभर वाट पाहिलेला पिक्चर, ऐन शेवट, आणि पुढ्यात श्यामकांतचा इस्त्रीचा शर्ट. कोणी म्हणून कोणी बाजूला हो म्हणालं नाही.

"आता ऐका," तो म्हणाला. "धुकं आलं. जहाजं काही दिसेनात. मग बापाने पोराचा हात धरला आणि त्याला खाली आणलं."

मागून किंकाळी आली, लांब आणि बारीक होत गेलेली. काय झालं ते मोठ्यांना सगळ्यांना कळलं. श्यामकांतने आवाज चढवला. घामाने त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता. "खाली आई उभीच होती. तिने बापाला फैलावर घेतलं. एवढ्या वाऱ्यात पोराला वर नेतात का, म्हणाली. तुम्हाला काही कळतं का, म्हणाली. पोराला शालीत घेतलं."

एवढं बोलून त्याचं संपलं. मागे बाजा वाजतच होता, म्हणजे पिक्चर संपला नव्हता, आणि त्याला हलता येत नव्हतं. तो तोंड उघडून पुढचं शोधत होता. इतकी वर्षं न थांबता बडबडणारा माणूस, त्याला एक वाक्य मिळेना. मला त्याचा राग आला होता, त्याच्या शर्टाचा, त्याच्या क्रीम लावलेल्या केसांचा, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

"मगे?" शकूने विचारलं.

तिने त्याला आजवर कधी काही विचारलं नव्हतं. श्यामकांतने तिच्याकडे पाहिलं.

"मगे काय झाला, शामू?"

"मग ती त्याला घरी घेऊन गेली," तो हळूहळू म्हणाला. "पेज दिली गरम. तो जेवला. आणि आईच्या कुशीत झोपला."

बाजा थांबला. त्याच्या मागे पडद्यावर मुंग्या आल्या आणि खरखर सुरू झाली, तेव्हा तो बाजूला झाला. कोणीतरी खिडकीची चादर काढली. रतन उठला, चड्डी झटकली आणि म्हणाला, "काका, फालतू पिक्चर आणलात. यात काहीच झालं नाय."

शकूने मुठीतला सदरा सोडला आणि त्याचा हात धरला.

"काय एक झाला नाय," ती म्हणाली. "चल घराक."